नुसतीच बघणारी मुलगी

प्रिय चिमे,

परवा फोनवर तू विचारलंस, आमच्याकडे कायमचं यायचं की नाही ते एकदा सांगा बाबा, आणि मी दारात कुणीतरी आलंय अशी थाप मारून फोन ठेवला. दारात कुणी नव्हतं. हल्ली कुणी नसतंच. माझं तसं बरं चाललंय. कपडे वाळत घालतो, रेडिओ लावतो आणि त्याच्याशीच हुज्जत घालतो. चहा अजून दोघांचा होतो, मग दुसरा कपही मीच पितो आणि पित्त झालं की तुझ्या आईच्या फोटोवर डाफरतो. ती गेल्यापासून एवढंच बरं आहे, उलट उत्तर येत नाही. नाही, ते काही बरं नाही.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती, हसली असतीस म्हणून. आई शनिवारी वाचनालयात मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायची ना, ते काम आता माझ्या गळ्यात आहे. जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून पाने फिरवणारा माणूस पोरांपुढे बसून बोकडाचा आवाज काढतोय! पण तिची पद्धत मी सोडलेली नाही. आधी अक्षरांवर कागदाची पट्टी ठेवायची आणि पोरांनी नुसत्या चित्रावरून गोष्ट सांगायची. मग पट्टी सरकवायची आणि आपण सांगितलं तेच खाली लिहिलंय का, ते शोधायचं. पोरं अशी हिरिरीने भांडतात की भांडता भांडता अक्षरं कधी ओळखीची झाली, त्यांनाही कळत नाही.

त्यांच्यात चाकांच्या खुर्चीवरची एक मुलगी आहे. माझ्या चुका काढते म्हणून मी तिला मास्तरीण म्हणतो. चित्रावरून गोष्ट रचण्यात पटाईत, पण पट्टी सरकवली की हाताची घडी, तोंडावर बोट. पोरांचा एक खेळ आहे, पान उघडलं की ज्याने त्याने चित्रातल्या एकावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, हा मी. मास्तरणीचं बोट पानभर फिरायचं आणि परत मांडीवर यायचं. कपाटभर पुस्तकांत खुर्चीवरचं पोर एकही नाही गं. हिला या पुस्तकांची गोडी लागणार कशी, याचा मला घोर लागला.

म्हटलं, खुर्ची काय, हे तर आपलंच काम. घरी बसून कागदावर काढली, आऱ्यांसकट, ब्रेकसुद्धा. तिच्यात बसवलेल्या मुलीचा चेहरा मात्र बटाट्यासारखा आला. ती कापून बोकडाच्या पुस्तकात चिकटवली. बोकड कुणाचा तरी सदरा तोंडात धरून पळतोय आणि सगळी पोरं त्याच्या मागे, असं चित्र आहे. कोपऱ्यात झाडाखाली जागा रिकामी होती, तिथे हिला बसवलं, टाळ्या वाजवत. शनिवारी मोठ्या ऐटीत पान उघडलं. मास्तरीण पानावर वाकली आणि म्हणाली, "आजोबा, ही नुसतीच बघतेय."

तिथे सावली आहे, तिला बरं वाटेल, असं काहीतरी मी पुटपुटलो. ती म्हणाली, "पण फाटक उघडंय. ही फाटक का नाही लावत?"

खरंच की! एवढा मोठा बाप्या मी, मला दिसलं नव्हतं. नखाने खरवडून तिला सोडवलं, झाडाचा बुंधा थोडा फाटला, आणि फाटकाशी नेऊन चिकटवलं. पट्टीवर नवी ओळ मास्तरणीने सांगितली, मी लिहिली. 'तिने फाटक लावले. बोकड सापडला.' मग ती ओळ तिने बोट ठेवून, अडखळत, एकटीने वाचली. कुणी न सांगता पुन्हा वाचली. शेजारच्या पोराने फाटकाशी बसलेल्या मुलीवर बोट ठेवून हा मी म्हटलं, तर हिने त्याचा हात झटकून टाकला. मी नाक पुसायला बाहेर जाऊन आलो.

मागच्या वेळी मी तुमच्याकडून ठरल्याआधीच निघालो, तेव्हा दारात तुझे डोळे भरले होते. "बाबा, आम्ही तुमचं काय कमी केलं?" काही कमी केलं नव्हतंस, पोरी. खिडकीजवळ मऊ खुर्ची, चहा हातात, औषध हातात. जावईबापूंनी गळका नळ दुरुस्त करायला माणूस बोलावला आणि मी, फिटर, खुर्चीतून बघत होतो. उठलो की तुमचं सुरू, बाबा, बसा हो तुम्ही. तुम्ही सगळे धावत होता आणि मला सावलीत चिकटवलं होतं. तेव्हा मला हे सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. इथे घर खायला उठतं, खोटं कशाला बोलू? मला यायचंय. पण तुमच्या घरातले नळ मी बघणार, नातवाला शाळेतून मी आणणार, आणि भाजी चिरताना बोट कापलं तरी माझ्या हातातून सुरी काढून घ्यायची नाही. हे चालणार असेल तर कळव, मी पेट्या भरायला घेतो. हत्यारांची आधी.

तुझाच,
बाबा