उशीच्या खोळी मी नेल्यात

अबरारचे अब्बा,

उशा उघड्या दिसल्या तर आरडू नका. दोन्ही खोळी, तुमचा वॅक्युमचा ब्रश अन् लांब पाइप घेऊन मी नेकनूर रोडच्या रिसॉर्टवर गेले हाय.

काल सईदाआपाकडं जाते म्हणाले, ते खोटं होतं. तुमी साफ करता त्या रिसॉर्टच्या स्विमिंग पुलावरच गेलते. पाण्यात तुरटी सोडली, मोटर बंद केली अन् कुणी चालू करू नये म्हणून मोटरच्या खोलीची चावी ओढणीला बांधून आणली. परवाच्या वावटळीनं पुलात पडलेली सगळी बारीक धूळ आता तळाला बसली असंल. तुमी तुरटी टाकून तासाभरात मोटर चालू करता, मग गाळ उठणार न्हाई तर काय? अन् वर मालकाला सांगता, पाणी बाद झालं, सगळं सोडून द्या.

सगळं? आपल्या गल्लीत नळ पंधरा दिवसांनी येतो!

मालक दुपारी यायच्या आत मी ब्रश हळूहळू फिरवून गाळ ओढणार. पाइपाच्या दुसऱ्या तोंडाला गाळायला खोळी बांधणार, पाणी तिथल्या टाकीत निवळू देणार अन् वरचं पुन्हा पुलात घालणार. मालकानं विचारलं तर सांगीन, यांनीच पाठवलंय.

भाकरी अन् ठेचा डब्यात हाय. आज नळाचा दिवस हाय. पहिला हंडा गढूळ येतो, तो फेकू नका. तुरटीचा खडा खिडकीत हाय. चार वेळा फिरवा अन् मग हात न लावता बसून राहा. बारा वर्षं मी हेच करते, तुमी कदी बघितलं न्हाई.

समिना