फणसवाडीच्या गोळ्या

बाबा, काल तुमच्या पणतीचा, माझ्या नातीचा, कॅनडाहून फोन आला आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती डॉक्टर आहे, आणि कुठल्या देशात ब्लडप्रेशरचं काय चाललंय ते ताडून पाहते. फोनवरच तिने चित्र दाखवलं. प्रत्येक देशाच्या नावावर तीन काठ्या. पहिली, आपल्याला प्रेशर आहे हे ठाऊक असणाऱ्यांची. दुसरी, गोळ्या घेणाऱ्यांची. तिसरी, ज्यांचं प्रेशर खरोखर आटोक्यात आहे त्यांची. तिच्या तिकडे तिसरी काठी दुसरीच्या खांद्याला तरी लागते. आपली गुडघ्याशीच थांबते. माझी शाळा चौथीपर्यंत, पण तेवढं समजलं. "आबा, तुझे बाबा कुठल्या काठीत?" तिने विचारलं. मी म्हटलं, दुसरीत. "मग तिसरीत का नाही?"

तुम्ही दुसऱ्या काठीत होतात हेच त्या काळी नवल. लालबागच्या आपल्या खोलीत दहा गाववाले पाळीपाळीने झोपायचे. कुणाच्याही दंडाला प्रेशर मोजायचा पट्टा कधी लागला नव्हता. गिरणीत मागावर उभं असताना चक्कर आली, म्हणून मुकादमाने तुम्हाला गिरगावात फणसवाडीतल्या डॉक्टरकडे धाडलं. महिन्याच्या गोळ्या मिळाल्या, आणि तुम्ही काय केलंत? खोलीत सुके बोंबील वाटून खायचे तशा त्या वाटल्यात. शेजारच्या पथारीवरच्या भाऊंचंही डोकं ठणकायचं, म्हणून अर्ध्या त्यांना. मी बोललो तर भाऊ ओरडले, "आमचो डॉक्टर इलो रे!" तुम्हीही हसलात. "अरे, माजा डोक्या दुखना नाय, मगे गोळी कशाक? तेका दुखता, तो खाऊंदे."

पंधरा दिवसांत गोळ्या संपल्या, आणि नेमका संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. गिरण्या बंद, ट्राम बंद. सकाळी तुमचा चेहरा लालबुंद, बोलताना जीभ जड. पहिल्यांदाच तुम्ही स्वतःहून म्हणालात, "गिरगावात जावन येतंस?" मी तेव्हा अठरा वर्षांचा, त्याच गिरणीत बदली कामगार. डॉक्टरची चिठ्ठी खिशात घालून चालत निघालो.

दुपारी परतलो तो रिकाम्या हाताने. "दवाखाना बंद आहे. रस्त्यात अश्रुधूर सोडलाय." तुम्ही आधी माझे पाय पाहिलेत, मग सदऱ्याच्या बाह्या वर करून हात. "तुका खंय लागला नाय मां?" आणि तुमच्या वाटणीची पेज माझ्यापुढे सरकवलीत. मी ती पितो आहे, तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून घेता, आणि मी खाली मान घालून पीतच राहतो. तिसऱ्या दिवशी मोरीपाशी तुमचं डावं अंग लुळं पडलं. महिनाभराने तुम्ही गेलात.

पणतीला मी तेच सांगितलं, जे आईला, भाऊंना, माझ्या बायकोला सांगत आलो. तिने डोळे पुसले. येत्या रविवारी तिकडच्या मोठ्या सभेत ती बोलणार आहे. "दवाखान्याचं दार बंद असलं की तिसरी काठी कशी कोसळते, ते मी पणजोबांच्या गोष्टीनेच सांगणार. सांगू ना, आबा?" मी म्हटलं, "सांग." एवढा एक शब्द, आणि आज सकाळपासून तिनेच पाठवलेल्या यंत्रावर तीनदा प्रेशर मोजलं. दर वेळी आकडा वर. माझी स्वतःची प्रेशरची गोळी घेतली की नाही तेही आठवेना, म्हणून पाकिटातली रिकामी घरं मोजत बसलो.

रविवारच्या आत तिला फोन करायला हवा. तो होईल की नाही कोण जाणे. हे पत्र यंत्राच्या डब्यात ठेवीन, दुसरं कुठे टाकणार? पण तिच्याआधी तुम्हाला सांगायला हवं होतं. दवाखाना उघडा होता की बंद, मला माहीत नाही. मी भायखळ्याच्या पुलापर्यंतच गेलो. तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर दोन तास काढले आणि परत फिरलो. अश्रुधुराचं येणाऱ्याजाणाऱ्यांकडून ऐकलं होतं. पुलापलीकडचा रस्ता, मला दिसत होता तिथवर, मोकळा होता, बाबा.