कोठे पडी जशे

माय,

काल लॅबमध्ये एक बाई आली होती. कडेवर लहान मूल, हातात प्लास्टिकची डबी, आणि डबी पुढे करताना मान खाली. संडासचा नमुना देताना बहुतेक लोक असेच लाजतात. मी डबी घेतली, त्यावर नाव लिहिलं, आणि तू आठवलीस. तू कधी लाजली नाहीस. लोक सकाळी उठून पेपर बघतात तशी तू माझा संडास बघायचीस, सुरतेत, कतारगामच्या त्या चाळीमागे, वाकून, अगदी निवांत. मग आत येऊन रात्रपाळीहून नुकत्याच आलेल्या आबांना बातमी द्यायचीस: आज पातळ, आज चिकट, आज बरा. आबा चूळ भरता भरता ऐकायचे. तेच काम मी आता पगार घेऊन करते. हे तुला सांगितलं असतं तर तू हसली नसतीस, काल आलेल्या त्या मुलाच्या डबीतला रंग कसा होता ते विचारलं असतंस.

मला दूध चालायचं नाही. नुसतं दूधच नव्हे; दही, ताक, तूप, पेढा, दुधाचा चहा, कशाचा थेंबही नाही. पोटात गेलं की ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या, मग पोटात कळ यायची आणि रक्त-आव पडायची. आता याला अॅलर्जी म्हणतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तेव्हा गावच्या काकूने नजर काढायला सांगितलं होतं, आणि आबांच्या लूमच्या खात्यातल्या कुणीतरी जंताचं औषध आणून दिलं होतं. दोन्ही करून झाल्यावर तू मला त्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे नेलंस. प्लेगच्या साली निम्मी सुरत मिळेल त्या गाडीने पळाली, आपणही गावी गेलो. तो मात्र दवाखाना उघडा ठेवून बसला होता, असं तू परत आल्यावर ऐकलं होतंस. त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे तुझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. अडचण एवढीच होती की तो गुजराती बोलायचा आणि तू अहिराणी. साड्यांचे धागे कापून माल परत द्यायला आणि भाजी घ्यायला पुरेल एवढंच तुझं गुजराती.

मी त्याच्या टेबलावर पाय लोंबकळत बसले आहे. तो माझं पोट दाबून बघतो, जीभ बघतो, आणि तुझ्याशी बराच वेळ बोलतो. दूध आणि दुधाचं सगळं बंद, हे तुला नीट कळतं. पुढचं त्याने काय सांगितलं ते आपल्याला फार नंतर समजलं: आतडं आतून सोलवटलं आहे, त्याला सांभाळून घ्या, पण पोरीला उपाशी ठेवू नका, एकेक पदार्थ थोडा थोडा द्या, एक पचला की दुसरा. तुझा चेहरा उतरलेला बघून शेवटी त्याने धीर दिला.

"चिंता न करो, बेन. धीमे धीमे बधुं कोठे पडी जशे."

धीर दिला, आणि तू जागच्या जागी गारठलीस. घरी आल्यावर आबांना म्हणालीस, "पोरना कोठा पडी जाई, डॉक्टरनी सांगं. इले काहीच देवानं नही."

कोठा म्हणजे आपल्याकडे पोट, आतडी. कुणाचा कोठा जड, कुणाचा हलका. आणि त्याचं पडी जशे तर आपल्या पडी जाईला इतकं लागून की मध्ये सुई शिरणार नाही. तुझ्या कानांनी चूक केली असं मी म्हणणार नाही, त्यांनी ऐकलं ते बरोबरच ऐकलं. फक्त ते गुजराती होतं. आबांनी विचारलं की कोठा पडतो म्हणजे काय होतं, तर तू म्हणालीस, गावी पाण्याने मागची भिंत बसली होती ना, तसं. त्या 'धीमे धीमे'ने तर तू जास्तच घाबरलीस.

त्यानंतर कित्येक महिने मी भाताची पेज आणि मुगाचं पाणी यांवर काढले. भाजी नाही, भाकरी नाही, फळ नाही. तू हट्टी होतीस आणि नेमाची होतीस, त्यामुळे त्यात कधी खाडा पडला नाही. गांधी उठणं थांबलं, रक्त थांबलं, आणि तुझी खात्री पटली की आपलं बरोबर चाललं आहे. इकडे माझे हात काटक्यांसारखे झाले, केस फणीत यायला लागले, शाळेत मी बाकावर डोकं टेकून झोपायची. मला भूक लागायची, माय. बाकी काही धड आठवत नाही, भूक आठवते. तू साड्यांत मान घालून बसलेली असताना मी डब्यातले कच्चे तांदूळ मूठभर तोंडात टाकायची आणि आवाज होऊ नये म्हणून ते न चावता लाळेत भिजवायची. त्या दिवसांबद्दल मला तुझा राग येतो का, असं मी स्वतःला विचारून पाहिलं आहे. येत नाही. तू स्वतः तरी काय खात होतीस!

शेजारच्या खोलीत सौराष्ट्राकडची एक बाई राहायची, तिचा नवरा हिरे घासायचा. तिच्या घरी दुपारी बाजरीचा रोटला व्हायचा आणि त्याचा खरपूस वास भिंत ओलांडून आपल्याकडे यायचा. एकदा मी तिच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. काही मागितलं नाही. तिने न विचारता एक तुकडा मोडून माझ्या हातात दिला, आणि मी तो तोंडात टाकला तेवढ्यात तू मागून आलीस. तू माझं तोंड दाबून उघडलंस, बोट घालून तो तुकडा बाहेर काढलास आणि पाठीत एक धपाटा दिलास. मग मला ओढत घरी आणलंस. त्या बाईने यातून काय समजायचं ते समजून घेतलं: मराठी बाईला आमच्या हातचं चालत नाही. तिने दार लोटून घेतलं, आणि मग दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. तूही जाऊन काही सांगितलं नाहीस. सांगणार कोणत्या भाषेत?

पण नळ एकच होता. रांगेत तुम्ही दोघी एकमेकींच्या मागेपुढे यायचात आणि हंड्यांकडे बघत उभ्या राहायचात. एके दिवशी पाणी गढूळ आलं, तेव्हा कुणाशी तरी बोलायलाच हवं म्हणून ती बोलली. "पहेलां तो सुरतनुं पाणी जराय नो'तुं भावतुं," ती म्हणाली, "हवे कोठे पडी ग्युं."

तू वळून तिच्याकडे बघितलंस. चांगली भरलेल्या अंगाची, लालबुंद, कमरेवर हंडा घेऊन ताठ उभी असलेली बाई. तू तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस आणि तुझ्या मोडक्या गुजरातीत, अगदी काळजीने विचारलंस, "तमारो कोठो पडी गयो?"

ती हसायला लागली. हसता हसता नळाच्या दगडावर बसली. मग तुझा चेहरा बघून तिचं हसू थांबलं आणि तिने नीट समजावून सांगितलं, हातवारे करून, दोनदा. कोठे पडवुं म्हणजे सवय होणं. अंगवळणी पडणं. आधी न सोसणारी गोष्ट पुढे सोसायला लागणं.

"म्हंजे कोठा पडत नही?" तू विचारलंस. हे तिला विचारलंस की मला, ते आजही सांगता येणार नाही. तुझा हंडा नळाखाली भरून वाहत होता, मागच्या बायका ओरडत होत्या, आणि तू मला, एवढ्या मोठ्या पोरीला, कडेवर उचलून चपला न घालता दवाखान्याकडे निघालीस.

डॉक्टर हसला नाही. त्याने माझं मनगट हातात धरून बघितलं आणि तुला अद्वातद्वा बोलला. एवढं चिडलेलं मी त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही. तू ऐकून घेतलंस. त्याचं संपल्यावर एवढंच विचारलंस की पहिल्यांदा काय देऊ. तुमच्या गावाकडे काय खातात, असं त्याने विचारलं. तू ज्वारी म्हणालीस. तर मग ज्वारीच, तो म्हणाला.

तू आंबील केलीस. पीठ पाण्यात कालवून रात्रभर आंबायला ठेवलेलं, सकाळी शिजवून त्यात मीठ आणि जिरं. एरवी त्यात ताक पडतं, ते अर्थातच नाही. पहिल्या दिवशी दोन चमचे, आणि मग चाळीमागे जाऊन तुझी ती रोजची पाहणी. ती पचली तशी गंगाफळाची, लाल भोपळ्याची, फोड आली, मग केळं, मग तुरीचं वरण. एक गोष्ट अंगी लागल्याशिवाय दुसरी नाही. आमच्या लॅबमधले डॉक्टर आता पोटातल्या चांगल्या जंतूंबद्दल बोलतात, आंबवलेल्या पदार्थांबद्दल बोलतात, मी मान डोलावते. तुला यातलं काही ठाऊक नव्हतं, गावी उन्हाळ्यात करतात म्हणून तू केलीस. बाजरीची पाळी आली त्या दिवशी तू मला हाताला धरून शेजारच्या दारात नेलंस आणि म्हणालीस, "बेन, पोरने थोडो रोटलो आपो." तिने दिला. तो तुकडा मी कसा खाल्ला ते तुम्ही दोघी उभ्या राहून बघत होतात.

दूध मात्र घरात आलं नाही. तू आणि आबा कोरा चहा प्यायचात, पाहुण्यांनाही तोच, त्यांची तोंडं वाकडी झाली तरी. कानबाईच्या नैवेद्याची खीर तू नारळाच्या दुधात केलीस तेव्हा भाऊबंदांत कुजबुज झाली. तू म्हणालीस, कानबाई बाई आहे, तिला कळतं.

मी सातवीत असताना डॉक्टरने आपल्याला सकाळपासून दवाखान्यात बसवून ठेवलं. आधी ओठाला दुधाचा एक थेंब, मग थांबायचं. मग चमचा, मग थांबायचं. मग अर्धी वाटी. लोक येत-जात होते, खोकत होते, आणि तू पापणी न लववता माझ्या ओठांकडे बघत होतीस. काही झालं नाही. दुपारी तो म्हणाला, जा, पाजा आता हिला. तू वाटेत दुधाची थैली घेतलीस. घरी ते तापवताना उतू गेलं, कारण दुधावर नजर ठेवायची सवयच मोडली होती. उरलेलं तू पेल्यात ओतलंस, साखर घातलीस, माझ्यासमोर बसलीस आणि रडायला लागलीस. मी पेला रिकामा करेपर्यंत रडत होतीस. मग विचारलंस, "गोड शे ना?"

मी हो म्हटलं. त्यानंतर रोज सकाळी पेला यायचा, लग्नापर्यंत. लग्नानंतर माहेरी आले की यायचा. शेवटच्या आजारपणात तुला धड उभं राहवत नव्हतं, तरी तू भिंत धरत उठलीस, दूध तापवलंस आणि मी पिईपर्यंत समोर बसलीस.

हे पत्र कुठे जाणार नाही हे मला कळतं. तू असतीस तरी तुला अक्षरं बसच्या पाटीपुरतीच येत होती. मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि पुढचं मी गाळलं असतं. मला दूध आवडत नाही, माय. त्या पहिल्या दिवशीही आवडलं नव्हतं, वासानेच मळमळलं होतं. तू समोर बसून बघायचीस म्हणून मी पीत गेले. तू गेल्यानंतर एकदाही प्यायले नाही.