टाकीची उंची

२ डिसेंबर २०२४, सोमवार. दुपारी ४
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. शाळेत लक्ष घालायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते मी कटाक्षाने पाळते. आठवड्यातून दोनदा जाते ती नुसती चौकशीला.
आज गेले तर दहावीची चोवीस पोरं मैदानात, एक डोळा मिटून पाण्याच्या टाकीकडे बघतायत. दुसऱ्या डोळ्याला शीतपेयाची नळी. नळीला कोनमापक, कोनमापकाला दोरा, दोऱ्याला सायकलचा नट. गणिताच्या नवल सरांना विचारलं, हे काय. म्हणाले, मॅडम, त्रिकोणमिती. मी एकतीस वर्षं त्रिकोणमिती शिकवली, एकदाही वर्गाबाहेर पडावं लागलं नाही. उन्हात तर नाहीच.
माझ्या गणिताच्या कपाटाची खोली आता 'कृतीकक्ष'. कपाट व्हरांड्यात. वर कोणाची तरी वाळत घातलेली टोपी.

३ डिसेंबर
हेडमास्तर बन्सीलाल सरांना स्पष्ट बोलले. पारोळ्याची पोरं शेतात हातानेच कामं करतात. शाळेत येतात ती डोकं वापरायला. इथेही हातच वापरायचे तर घरी काय वाईट होतं? ते म्हणाले, मुलांना आवडतं. मी म्हटलं, मुलांना चिंचाही आवडतात.
शेवटी मार्ग मीच काढला. वर्ग अर्धा अर्धा. बारा मला, बारा नवल सरांना. त्रिकोणमितीचं प्रकरण, दहा दिवस, मग वीस मार्कांचा एकच पेपर, तो मी काढणार. माझ्या मुलांची सरासरी जास्त आली तर कृतीकक्ष बंद, खोली परत गणिताकडे आणि दहावीचे जादा तास माझ्याकडे.
जादा तासांची मला हौस नाही. शाळेला गरज आहे म्हणून.
बन्सीलाल सर नवल सरांकडे बघून बरं म्हणाले. आणि हसले. का हसले, कळलं नाही.

५ डिसेंबर
पहिला तास. जळगावला कॉन्व्हेंटमध्ये आम्ही हात मागे बांधून बसायचो, तसंच बसवलं. साइन, कोसाइन, टॅन फळ्यावर, दहादा म्हणून घेतलं. काय शांतता. शेजारच्या खोलीत नवल सरांची बारा ठोकाठोक करत होती.
माझी मुलं पूर्ण तल्लीन. मागच्या बाकावरची दिपमाला डोळे मिटून ऐकत होती.

७ डिसेंबर
वह्या तपासल्या. दिपमालाच्या मागच्या पानावर आडव्या-उभ्या रेघा आणि जिथे रेघा भेटतील तिथे फुली. पानभर फुल्या. निर्देशक भूमितीचं जुनं उदाहरण, नवल सरांनी करून घेतलेलं. मी म्हटलं, बरं झालं, स्वतःच सगळं चूक ठरवलंस.
ती म्हणाली, "बाई, फुलीवर तं बी टाकतस."
कापसाची चौफुली लागवड म्हणे. रेघा मारायच्या, फुलीवर बी टोचायचं. तिच्या घरी फुली म्हणजे बरोबर जागा. एकतीस वर्षं मी लाल पेनाने काय पेरत आले, असा एक विचार आला. तो लगेच काढून टाकला. मन:शांतीसाठी रोज दहा मिनिटं प्राणायाम करायचा, उद्यापासून.

१० डिसेंबर. सकाळी ११.२०
प्राणायाम राहिला.
माझ्या बारापैकी सातच हजर. शिपाई झिपरूला विचारलं. म्हणाला, "पोरे बठ्ठा तठे शेतस." म्हणजे कृतीकक्षात. दार उघडलं तर माझी पाच, पुठ्ठ्यावर झाडू ठेवून त्याच्या सावलीशी झटतायत. दिपमालाला विचारलं, तू इथे कशी. खडू न्यायला आले, म्हणाली. खडूला पंचवीस मिनिटं.
नवल सरांना म्हटलं, दुसऱ्याची मुलं पळवणं बरं नाही. ते म्हणाले, मॅडम, मी दार बंदच ठेवतो, तीच उघडतात. उद्धट.
एक मात्र खरं. अनुपस्थिती पाच, म्हणजे निम्म्याहून जास्त अजून माझ्या बाजूने.

१२ डिसेंबर
पेपर काढला. शेवटचा प्रश्न चार मार्कांचा, व्यवहारातला. यांना व्यवहार हवा ना, घ्या. त्यासाठी स्वतः टाकीपाशी गेले. त्यांचं ते नळीचं यंत्र घ्यावं लागलं. वापरलं नाही, फक्त त्यातून पाहिलं. मागे सरकत गेले आणि बरोबर पंचेचाळीस अंशांवर थांबले. झिपरू टेप धरायला. मी दोनदा हलले तर म्हणतो, "बाई, दम धरा, टाकी काय पयी जास का?" टाकी कुठे पळून जातेय म्हणे.
अंतर बारा मीटर. टॅन पंचेचाळीस म्हणजे एक. टाकी बारा मीटर. दोन ओळींत गणित संपलं. यांना त्यासाठी खोली लागते.

१४ डिसेंबर, शनिवार
पेपर झाला. प्रश्न अगदी स्वच्छ लिहिला होता: मी टाकीपासून १२ मीटरवर उभी राहिले, वरच्या कडेचा उन्नत कोन ४५° आला, तर टाकीची उंची किती?
नवल सरांची मुलं पेपर लिहिता लिहिता माझ्याकडे बघत होती. पायापासून वरपर्यंत. शिस्त नाही.

१६ डिसेंबर
तपासून झाले. शेवटच्या प्रश्नाला नवल सरांच्या बाराच्या बारा मुलांनी काय लिहावं? '१२ + बाई.' कोणी '१२ + बाईंच्या डोळ्यापर्यंतची उंची.' उत्तरपत्रिकेत माझ्या अंगाचा उल्लेख. बारा फुल्या मारल्या. माझ्यातल्या अकरा जणांनी बारा लिहिलं. दिपमालानेही १३.४० लिहिलं. तिलाही फुली. खडू आणायला गेल्याचा परिणाम.
सरासरी: माझी १४.२, त्यांची १३.१.
बन्सीलाल सरांना निकाल दिला. खोलीत फळा कुठे लावायचा ते मनात पक्कं केलं. खिडकीसमोर नाही, पोरं बाहेर बघतात.

१७ डिसेंबर. दुपारी
दिपमाला पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई, तुमनी उंची राही गयी."
मी म्हटलं, माझी उंची राहायला मी काय टाकीच्या शेजारी विसरून आले? ती म्हणाली, यंत्र तुमच्या डोळ्याशी होतं, जमिनीवर नव्हतं. बारा मीटर तुमच्या डोळ्यापासून वर. खालचं कोण मोजणार?
मी सांगितलं की पुस्तकातल्या निरीक्षकाला उंची नसते. भूगोलाच्या सुनंदाबाईंना खोकला आला.
झिपरूला टाकीवर चढवलं. त्याने वरून दगड बांधलेली दोरी सोडली. दोरी मोजली. तेरा मीटर बेचाळीस सेंटीमीटर.
ओली दोरी ताणते, असं मी म्हणाले. दोरी कोरडी होती.

१७ डिसेंबर. संध्याकाळी
शांतपणे विचार केला. बारा जाता उरले एक मीटर बेचाळीस. म्हणजे माझे डोळे तिथे. वरचं कपाळ धरून मी पाच फूट. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे आणि तशी सरकारी कागदावर नोंद आहे. मधले सात सेंटीमीटर कुठे गेले, याची आधी चौकशी व्हायला हवी.
घरी दाराच्या चौकटीला टेकून पेन्सिलीने खूण केली. चौकटच थोडी वाकडी आहे.

१८ डिसेंबर
शेवटच्या प्रश्नाचे मार्क बदलून नवी सरासरी आली. त्यांची १७.१, माझी १०.९. बन्सीलाल सर म्हणाले, मॅडम, एवढं मनावर घेऊ नका. मी म्हटलं, मी कुठे घेतलंय. लेखी निषेध देणार आहे, तीन पानी. पुन्हा त्या शाळेत पाऊल टाकणार नाही. निषेध मात्र समक्ष द्यायला हवा, पोस्टाचा भरवसा नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार
निषेध घेऊन गेले. बन्सीलाल सर जिल्ह्याच्या मीटिंगला. कृतीकक्षाचं दार उघडं होतं. माझी बारा, त्यांची बारा, सगळी एकत्र, मैदानावर जायच्या तयारीत. आज झेंड्याचा खांब, उद्या किल्ल्याचा बुरूज. नवल सर म्हणाले, या मॅडम. मी म्हटलं, मी फक्त कपाट बघायला आलेय.
दिपमालाने टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "बाई, हाई धरा. हालू नका." धरायला माणूस कमी पडत होतं म्हणे. चोवीस पोरांत.
दीड तास उन्हात धरला. या पद्धतीला माझी संमती आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. टेप जमिनीवर घासून खराब झाला असता.
आकडे सगळे ती वाचत होती. माझ्याकडे शून्याचं टोक होतं.
उद्या सकाळी सातला किल्ल्यापाशी बोलावलंय. डोक्याला रुमाल न्यायचा.