शेजारच्या सीटवरून

३ फेब्रुवारी, दुपार
डोकं फिरलंय. नवा नियम आलाय. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या प्रत्येकाने शिकवण्याचा परवाना टिकवायचा असेल तर पुन्हा एकदा टेस्ट द्यायची. स्वतः गाडी चालवून दाखवायची. प्रत्येकाने म्हणजे मीसुद्धा! या शहरातली अर्धी माणसं मी रस्त्यावर आणली. (बायको म्हणाली, हे वाक्य बाहेर कुठे बोलू नका.)
स्कूलचे मालक म्हणाले, सर, नुसती फॉर्मॅलिटी आहे. मात्र नापास झालात तर शेजारची सीट बंद, ऑफिसात फोन घ्यायला बसावं लागेल. आणि हसले. मी हसलो नाही.
हातच्या कांकणाला आरसा कशाला?
ठराव: सराव करणार नाही. सराव करणं म्हणजे अपमान मान्य करणं.

६ फेब्रुवारी
बायको नर्स आहे. तिला दर वर्षी ट्रेनिंगला बसवतात. हात कसे धुवायचे, सुई कशी टोचायची! मी विचारलं, तुला राग येत नाही? म्हणाली, राग कसला, दर वर्षी काहीतरी विसरलेलं सापडतं. या पेशात स्वाभिमान म्हणून काही उरलेला नाही.
मग तिने विचारलं, तुम्ही शेवटची गाडी कधी चालवलीत? म्हटलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी गाडीतच असतो. म्हणाली, असता हो. चालवता कधी?
उचलली जीभ, लावली टाळ्याला. घरची गाडी ती चालवते ते खरं आहे, पण ते माझ्या मार्गदर्शनाखाली. 

९ फेब्रुवारी, विद्यार्थी उशिरा, गाडीतच लिहितोय
इतक्या वर्षांत माझा एक सिद्धांत तयार झालाय. माणूस गाडी चालवत नाही, त्याचा धंदा चालवतो. डेंटिस्ट वळण घेण्याआधी गाडीला म्हणतो, थोडंसं दुखेल हं. शिंपी दोन्ही बाजूंनी शिलाईपुरती जागा सोडतो. वकीलबाई लाल सिग्नलशी वाद घालतात. शाळामास्तर चौकात मधोमध थांबतात, सगळे गप्प होईपर्यंत. या सगळ्यांच्या अंगातून त्यांचा धंदा मी ओरडून ओरडून बाहेर काढला. मी एकटाच असा, ज्याच्या अंगाला धंदा चिकटलेला नाही.
यावर पुस्तक होईल. ठराव: टेस्ट झाली की लिहायला घेणे.
विद्यार्थी अजून आला नाही. चीड आली आहे. माझ्या सीटसमोरचा, शिकवणाऱ्यासाठीचा दुसरा ब्रेक तपासून पाहिला, उगाच.

१२ फेब्रुवारी
आज हद्द झाली. गोगलगाय पास!
ही बाई माझ्याकडे शिकायला आली तेव्हा तिची बेकरी होती. गिअर असा टाकायची की जणू धक्का लागला तर केक बसेल, म्हणून मी नाव ठेवलं गोगलगाय. मी सगळ्यांसमोर सांगितलं, बाई, तुम्ही आपल्या बसने फिरा. रडली. तिच्या भल्यासाठीच बोललो होतो. नंतर दुसऱ्या शिक्षकाकडे शिकली, बेकरी विकली, शिकवण्याचा कोर्स केला आणि आता आमच्याच स्कूलमध्ये शिक्षिका! बेकरीवाली! उद्या न्हावी येऊन विमान शिकवेल.
नवी टेस्ट पहिल्या फटक्यात पास झाली म्हणून तिने घरी केलेला केक आणला. मी शिवलो नाही. (नंतर एक तुकडा, केवळ चाचणीसाठी. मग दुसरा, खात्री करायला.)
वर मला म्हणते, सर, मी सकाळी मोकळ्या मैदानात सराव करायचे, तुम्ही पण या ना. गुरूची विद्या गुरूला! तळपायाची आग मस्तकात गेली.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
घरची गाडी मैदानात नेली. सराव नव्हे. गाडीची तपासणी.
नेली म्हणजे बायकोने नेली, मग तिला मी फिरायला पाठवलं.
गाडी बंद पडली. परत चालू केली, परत बंद. क्लच बायकोने बिघडवलाय, सीट तिच्या उंचीला लावलीय आणि स्टिअरिंग ऐन तोंडासमोर येतं. उजेडही कमी होता.
बायको फिरून आली तेव्हा गाडी होती तिथेच होती. तिने विचारण्याआधी मीच सांगितलं, तपासणी समाधानकारक.

२६ फेब्रुवारी
उद्या टेस्ट. शर्टाला इस्त्री केली. बायको म्हणाली, गाडीत कमी बोला. घोडामैदान जवळच आहे, बघून घेईन एकेकाला.

२७ फेब्रुवारी, परत आल्यावर
जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, पुढे कोर्टात लागेल.
परीक्षक माझ्या जागेवर बसला. इथूनच अन्यायाला सुरुवात. शेजारच्या सीटसमोर दुसरा ब्रेक असतो, शिकवणाऱ्याचा पाय सतत त्यावर हवा. हा गृहस्थ पायावर पाय टाकून खिडकीबाहेर बघत होता.
मी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. आरसा बघा. सिग्नल द्या. क्लच हळूच सोडा. काहीच घडलं नाही. परीक्षक माझ्याकडे बघू लागला. म्हणाला, सोडा की मग. तेव्हा सोडला.
कोपऱ्यावर दुधाची व्हॅन उभी होती. मी ती परीक्षकाच्या आधी पाहिली. म्हणालो, ब्रेक. स्पष्ट आणि वेळेवर. कोणी दाबला नाही. परत म्हणालो, ब्रेक! तिसऱ्यांदा ओरडलो. माझा पाय तर कधीचाच दाबत होता, जोर लावून, पण त्याच्या सवयीच्या जागी, आणि या बाजूला त्या जागी रबरी मॅटशिवाय काही नसतं.
व्हॅनला टेकलो. टेकलो, धडकलो नाही.
मी परीक्षकाला झापलं, तुमचं लक्ष कुठे होतं? तर म्हणतो, लक्ष तुमचं हवं होतं. चोराच्या उलट्या बोंबा! व्हॅनवाला खाली उतरला, मला ओळखलं. माझाच विद्यार्थी. म्हणाला, सर, तुम्ही? त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी
नापास. शेरा: उमेदवार सूचना उत्तम देतो, पाळत नाही.
'सूचना उत्तम देतो' हे बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. पुढचंही तिने वाचलं. हसली. मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. ते आवरलेलं हसू जास्त लागलं.
ठराव: अपील. वर्तमानपत्रात पत्र. पुस्तकात या परीक्षकावर स्वतंत्र प्रकरण.

५ मार्च, ऑफिसात
फोन घेतोय. खुर्ची फिरती आहे. पायाखाली काही नाही.
एका बाईने विचारलं, तुमच्याकडे सगळ्यात चांगलं कोण शिकवतं? मी म्हणालो, मी. तिने विचारलं, मग उद्यापासून येऊ? फोन ठेवला. लाइन खराब होती असं मालकांना सांगितलं. फार वाईट वाटलं आज. नुसता राग नाही, वाईट वाटलं. बाहेर आमच्या गाड्या जात होत्या आणि प्रत्येकीत माझ्या जागेवर दुसरंच कोणीतरी.
पुन्हा टेस्ट द्यायची तर आधी मान्यताप्राप्त शिक्षकाकडे धडे घ्यावे लागतात. सकाळची वेळ एकाच शिक्षकाकडे रिकामी आहे. सांगताना मालक खिडकीकडे बघत होते, तेव्हाच ओळखलं कोण ते.
ठराव: जन्मभर फोन घेईन, पण गोगलगायीकडे जाणार नाही.

६ मार्च
बायकोला ठराव सांगितला. म्हणाली, बरं. आणि ट्रेनिंगला निघून गेली. भांडलीसुद्धा नाही.

९ मार्च, सकाळ
गेलो. ती कसं शिकवते हे कोणीतरी तपासायलाच हवं म्हणून. तिला कोणत्या चुका दाखवायच्या ते रस्त्यातच ठरवलं होतं.
गाडी फाटकापाशी उभी होती, छतावर शिकाऊची पाटी. दार उघडलं, बसलो, पट्टा लावला, पाय ब्रेकवर ठेवला. किती दिवसांनी! इतकं बरं वाटलं की राग कशाचा होता तेच आठवेना. शिकाऊ माणूस येईल म्हणून वाट बघत राहिलो.
कोणी येईना. मान वळवली तर गोगलगाय माझ्या खिडकीशी किल्ली घेऊन उभी. केव्हापासून ते माहीत नाही. काहीही बोलू शकली असती. तिच्या जागी मी असतो तर फाटकापर्यंत ऐकू गेलं असतं.
ती वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, सर, ती माझी जागा आहे.
उतरलो. गाडीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसलो. स्टिअरिंग ऐन तोंडासमोर आलं. पुढे काय करायचं ते मला सगळं पाठ आहे, तरी कोणीतरी सांगेल म्हणून थांबलो.
ती म्हणाली, आरसा बघा.
बघितला.