दहाच्या म्होरं

प्रिय अण्णा,

फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून पत्र लिहिते आहे. हे मात्र तुम्हाला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

परवा पहाटेची एसटी धरून तुम्ही आईला नगरला घेऊन आलात, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं! आईसारख्या आमवाताच्या रुग्णांना झोपूनही न जाणारा थकवा येतो, त्यावरच्या नव्या गोळीची आमच्या दवाखान्यात चाचणी चालू आहे, हे मी सांगितलंच होतं. मी घरची, म्हणून आईला प्रश्न विचारायचं काम माझ्यासोबत काम करणाऱ्या रेश्माकडे दिलं. तिने विचारलं, शून्य म्हणजे थकवा नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, मग तुमचा किती? आईने तोंड उघडायच्या आत तुम्ही हसून म्हणालात, "हिला कसला आलाय थकवा? फडात गड्याच्या बरोबरीनं मोळी उचलती. वाघीण हाय वाघीण!" आईने पदर सावरला. "मंग शून्य लिवा," म्हणाली. थकवाच नाही म्हणणाऱ्या बाईला या चाचणीत घेत नाहीत. तुम्ही समाधानाने चहा प्यायलात, तिला चार दिवस माझ्याकडे ठेवलंत आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलात.

अण्णा, ते कौतुक होतं हे मला कळतं. म्हणूनच डोकं जास्त फिरलं. शिवी दिली असतीत तर भांडता तरी आलं असतं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. एक बसला की कोयता बसला, म्हणून फडात 'दमले' हा शब्द कुणी काढत नाही. पण घरातही का नाही? सकाळी तिची मूठ वळत नाही. भाकरी थापता थापता ती भिंतीला टेकते, आणि तुम्ही विचारता, कालवण झालं का? भावकीशी वाद घालून तुम्ही मला कॉलेजला पाठवलंत. चारचौघांत बोलायला तुम्हीच शिकवलंत. मग तिच्या वाटचं बोलणं तुमच्याकडे का?

खरं तर हे प्रश्न रुग्णाला एकटीलाच विचारायचा नियम आहे. रेश्मा तुम्हाला 'बाहेर थांबा' म्हणायला लाजली. डॉक्टरांना हे कळलं, त्यांनी तिला चांगलंच झापलं आणि काल आईला पुन्हा बोलावलं. मीही बाहेरच होते. आत काय झालं ते नंतर आईनेच सांगितलं. तिने आधी पडद्यामागे डोकावून पाहिलं, "मालक नक्की गेलं ना?" मग रेश्माला विचारलं, "पोरी, दहाच्या म्होरं काय हाय?"

तिला चाचणीत घेतलं आहे. तिच्या वाट्याला खरी गोळी येईल की नुसती दिसायला तशी, हे आम्हालाही कळणार नाही. गुण येईलच असं वचन मी देत नाही. पण दर पंधरवड्याला तपासणी इथेच आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर दारात येईल, तेव्हा ती त्यात चढणार नाही, माझ्याजवळ राहील. मुकादमाला तुम्हीच सांगा. हे मी ठरवलेलं नाही. काल ती म्हणाली, "तुझ्या बापाला लिही, यंदा येत न्हाई म्हनावं." मी विचारलं, का म्हणून विचारलं तर? तिने क्षणभरही विचार केला नाही. "दमले म्हनावं."

तुमचीच, पण यंदा तिच्या बाजूची,
सुकन्या