टपालवाल्याचे नऊशे चौदा किलोमीटर

ती. दादांस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्षात वाकलो तर उठवायला माणूस लागेल). इकडे सगळे खुशाल. तिकडची खुशाली वहिनी फोनवर सांगतातच, पण रीत म्हणून विचारतो, बरे आहात ना?

पत्राला उशीर झाला, कारण गेले पाच महिने मी प्रवासात होतो. गाव सोडून कुठं गेलो नाही, ही गोष्ट वेगळी. झालं असं की रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज सहा किलोमीटर चालायला सांगितलं. चष्म्याच्या दुकानात बसून बसून माझा आकार काउंटरला साजेसा झालाय, हे तुम्ही जाणताच. तेव्हा लेकीनं माझ्या फोनवर एक खेळ घालून दिला. एका कादंबरीतला टपालवाला राणीला द्यायचं पत्र घेऊन समुद्रकाठापासून बर्फातल्या राजवाड्यापर्यंत पायी जातो, एकूण नऊशे चौदा किलोमीटर. आपण जितकं चालू तितका तो नकाशावर सरकतो, आणि टप्पा गाठला की कादंबरीतलं एक पान वाचायला मिळतं. आपण बसलो की तोही बिचारा असेल तिथंच बसतो.

पहिले काही दिवस मी दुकानातच चाललो. काउंटर ते अक्षरांचा तक्ता, अकरा फूट. एक निवृत्त मुख्याध्यापिका डोळे तपासायला आल्या होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "खालची ओळ दिसते, पण तुम्ही मधून जाता तेव्हा दिसत नाही." मग रस्त्यावर उतरलो. तिथं 'आपण पुलावर पोचलात' हा निरोप वाचता वाचता ताज्या सिमेंटात घोट्यापर्यंत गेलो. गवंड्यानं विचारलं, कुठं निघालात? मी म्हटलं, पूल ओलांडत होतो. त्यानं मला हात धरून बाहेर काढलं आणि घरी कोण कोण असतं, याची फार आस्थेनं चौकशी केली. (डावा बूट अजून त्या पदपथात आहे.)

आता शेवटच्या महिन्यातल्या लबाडीचं सांगतो. हिची हाडांच्या वॉर्डातली नर्सची ड्यूटी म्हणजे दिवसाला नऊ किलोमीटर. एकदा आमच्या फोनची अदलाबदल झाली आणि संध्याकाळी पाहतो तर टपालवाला घाट चढून गेलेला. त्यानंतर मी रोज 'चुकून' हिचाच फोन उचलू लागलो. मी खुर्चीत, टपालवाला डोंगरात, अशी आठ दिवस चैन चालली.

पण पानं हिच्या हातात पडत होती, आणि ही ती वॉर्डातल्या एका आजोबांना वाचून दाखवत होती. आजोबा रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन नीट झालं, पण पाय खाली टेकायचा नाही असा त्यांचा निर्धार. आता चालून कुठं जायचंय, म्हणायचे. टपालवाल्याचं मात्र रोज विचारायचे. शेवटी हिनं माझा फोन माझ्यापुढं ठेवला. "तो माणूस सगळं खरं समजून ऐकतो," म्हणाली. "उद्यापासून तुम्ही चालायचं."

मग मात्र मी इमानानं चाललो. पायाला फोड आले तरी चाललो, कारण संध्याकाळी वॉर्डात हजेरी असे, आणि आकडा कमी भरला की आजोबा सिग्नल न मिळाल्यासारखे बघत. राजवाडा चाळीस मीटरवर आला तेव्हा मी मुद्दाम थांबलो आणि फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातला. म्हटलं, पत्र तुम्हीच द्या. त्यांनी खिसा दोनदा चाचपला. मग वॉकर मागितला. पलंगापासून दारापर्यंत आणि परत, असं दोनदा. वाटेत एकदा रडले, एकदा मला शिवी दिली. फोन वाजला, आणि राणीनं पत्र वाचून काय केलं ते ऐकायला ते तसेच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

माझी साखर उतरली आहे. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
धाकटा

ता. क. : गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले तरी तुम्ही न्हाणीघरापलीकडे पाऊल टाकत नाही, असं वहिनी म्हणाल्या. हे पत्रात लिहू नका, असंही म्हणाल्या. म्हणून पत्रात लिहिलं नाही, खाली लिहितोय.

आणखी एक : मी नवा प्रवास सुरू केलाय, दोघांच्या नावावर. तुमच्या फोनवर तो वहिनींनी मंगळवारीच घातला. त्याचा नियम असा की एक बसला तर दुसऱ्यालाही पुढं जाता येत नाही. मंगळवारपासून मी एका जंगलाच्या तोंडाशी उभा आहे.